सदाशिव पेठेतलं मिरज जंक्शन

पुण्याच्या सदाशिव पेठेत काय नाही ते सांगा! पेरुगेट आहे, नागनाथ पार आहे, भरत नाट्य मंदिर आहे, नाव ऐकून दचकावं असा खुन्या मुरलीधर आहे. दुपारी एक ते चार गाढ झोपणारी दुकानं आहेत आणि ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल’ छापाच्या पाट्या तर गल्लोगल्ली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवराव भाऊंचं नाव मिरवणाऱ्या या पेठेत एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे रेल्वे स्टेशन. गाडी पकडायची तर शिवाजीनगर गाठा, नाहीतर थेट पुणे स्टेशन.

तेही आता झालं. नागनाथ पाराजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. स्टेशनचं नाव ‘मिरज जंक्शन’. चला, आज तुम्हांला तिथंच घेऊन जातो. जिना अरुंद आहे, जरा सांभाळून. आणि चपला बाहेर!

हे घर माझ्या बहिणीचं. तिचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, सातवीतून आठवीत गेलेले. आणि तिचे सासरे, ज्यांना सगळी इमारत अण्णा म्हणते. अण्णांची रेल्वेतली नोकरी मिरजेला झाली, १९७५ च्या आसपासची ती वर्षं. सांधे बदलायचं, सिग्नल पाडायचं काम. मिरजेचा विषय निघाला की अण्णांचा चहा निवलाच म्हणून समजा.

आणि त्यांचं काही चुकत नाही बरं का. त्या काळचं मिरज होतंच तसं. पुण्याहून मिरजेला जाणारा रूळ मुळात मीटरगेजचा. तो १९७१ साली रुंद होऊन ब्रॉडगेज झाला. पण मिरजेहून खाली लोंढ्याकडे जाणारी गाडी अजून मीटरगेजवरच धावत होती. आणि तिसरी, सगळ्यांत लहान, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच सुरू केलेली ही लाइन पुढं वाढत वाढत १९२७ साली मिरजेला पोचली होती. म्हणजे एका स्टेशनात तीन मापांचे रूळ! ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि बार्शी लाइनचं ७६२. “या डब्यातलं पोतं त्या डब्यात टाकायला हमालांची रांग लागायची,” अण्णा सांगतात. “माणसांचंही तेच. मोठ्या गाडीतून उतरायचं, वळकटी काखोटीला मारायची आणि छोटीत शिरायचं. आषाढीला तर विचारूच नकोस.”

आता ते काहीच उरलेलं नाही. मिरजेचे सगळे रूळ रुंद झाले. या शतकाच्या सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत बार्शी लाइनसुद्धा ब्रॉडगेज झाली. म्हणजे अण्णांचं मिरज फक्त अण्णांच्या डोक्यात शिल्लक आहे. भाचेबुवांनी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, की ते तिथून बाहेर काढायचं आणि आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवुडवर बसवायचं.

आता खरी गोष्ट सुरू होते.

मॉडेल रेल्वेचा आराखडा हल्ली कॉम्प्युटरवर काढता येतो. त्यासाठी खास प्रोग्राम मिळतात. एक्सट्रॅककॅडसारखा एखादा तर फुकट. पडद्यावर आपल्या फळीचं माप द्यायचं, तयार रुळांच्या यादीतून सरळ तुकडे, वळणं, सांधे उचलायचे आणि एकाला एक जोडत जायचं. पैसे खर्च करण्याआधीच कळतं, की काय मावेल आणि काय मावणार नाही. भाचेबुवांनी ‘एचओ’ हे प्रमाण निवडलं, जगात सगळ्यांत जास्त चालणारं. एचओमध्ये प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी करतात. दोन तासांत त्यानं तीन मार्ग काढले, एकाला लाल, एकाला निळा, एकाला हिरवा रंग दिला आणि अण्णांना हाक मारली.

अण्णांनी चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. पण हे मिरज नाही.”

“का? तीन लाइनी आहेत की!”

“तिन्ही सारख्याच आहेत रे. माझी छोटी गाडी कुठाय?”

बरोबरच होतं त्यांचं. त्या प्रोग्रामला एचओ म्हटलं, की रुळांमधलं अंतर म्हणजेच गेज १६.५ मिलिमीटर हे तो आपलं आपण धरून चालतो. लाल काय, निळा काय, हिरवा काय, सगळे १६.५. बरं, हे १६.५ आलं कुठून? कागद-पेन्सिल घ्या आणि १६.५ ला ८७ नं गुणा. १४३५.५ आलं ना? १४३५ मिलिमीटर हे युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेचं ‘स्टँडर्ड गेज’. एचओचे रूळ तिकडच्या गाड्यांसाठी बनतात, म्हणून ते माप.

हे नुसतं तोंडी पटेना, म्हणून आम्ही तिघं निघालो. मंडई तशी जवळच. तिथलं मेट्रोचं भुयारी स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. मंडईहून स्वारगेट, एवढाच प्रवास, पण आमच्या भाचेबुवांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, “पुणे मेट्रोचे रूळ स्टँडर्ड गेजचे आहेत. १४३५.” त्याच दिवशी संध्याकाळी बसनं पुणे स्टेशनला गेलो आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून (खाली उतरून नव्हे, रुळांवर मापं घ्यायला कधीही उतरायचं नाही!) ब्रॉडगेज पाहिली. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत पहिली गाडी आली ती याच रुंदीच्या रुळांवरून. दोन्हींत फरक २४१ मिलिमीटरचा. तुमच्या बाबांची वीत मोजून पाहा, साधारण तेवढाच भरेल.

“म्हणजे १६.५ वर डेक्कन क्वीन उभी केली, तर ती मेट्रोच्या रुळांवर उभी केल्यासारखी झाली!” भाचेबुवा म्हणाले. अगदी तसंच. गाडीचा डबा रुंद आणि पाय जवळ-जवळ. आपल्याकडचे पुष्कळ हौशी लोक तशीच चालवतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण बाजारात रूळ तेच मिळतात. पण ज्याला तीन मापांचं मिरज करायचंय, त्याचं त्यावर कसं भागणार?

दुसऱ्या दिवशी हिशेब. १६७६ भागिले ८७ करायला भाचेबुवांनी मोबाइल काढला. अण्णा आरामखुर्चीतूनच म्हणाले, “सव्वाएकोणीस.”

मोबाइलवर उत्तर आलं १९.२६. आम्ही दोघंही बघतच राहिलो.

अण्णांची युक्ती ऐका. एचओचं मूळ माप असं ठरलेलं आहे, की खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर. ते मी त्यांना आदल्या रात्री सहज सांगितलं होतं. आणि ब्रॉडगेज म्हणजे जुन्या मापानं साडेपाच फूट. आता साडेतीनचा पाढा तुम्हांला येतो? येत नाही ना? अण्णांच्या पिढीला यायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. पाच औट साडेसतरा, वर अर्ध्याचे पावणेदोन, झाले सव्वाएकोणीस. नॅरोगेज अडीच फूट. दोन औट सात, अर्ध्याचे पावणेदोन, पावणेनऊ. मीटरगेजला मात्र औटकी सरळ लागत नाही, तिथं हजारला सत्त्याऐंशीनं भागलं: साडेअकराला जरासं कमी.

आता हे आकडे प्रोग्रामला कसे सांगायचे? इथं नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांची गाडी इथंच घसरते. आपल्याला सांगायच्या असतात दोन वेगळ्या गोष्टी. एक प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या कितवा भाग. दुसरं गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. प्रोग्रामच्या तयार यादीत ही जोडी आधीच बांधलेली असते. आपल्या मापाचं गेज हवं असेल, तर नवं नाव देऊन नवी जोडी बांधायची. कुठं त्यासाठी खिडकी उघडते, कुठं मापांच्या फाइलीत एक ओळ वाढवावी लागते. आत भरायचं तेच.

जोडी का महत्त्वाची, ते बघा. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. ते बनतात ‘एन’ नावाच्या छोट्या प्रमाणासाठी, एकास एकशेसाठ. ९ गुणिले १६० किती? १४४०. म्हणजे एनच्या जगात हेच रूळ स्टँडर्ड गेज! पण त्याच रुळांना ८७ चं प्रमाण दिलं की ९ गुणिले ८७, ७८३. बार्शी लाइनच्या ७६२ च्या अगदी शेजारी. रूळ तोच, पण शेजारी उभा केलेला माणूस केवढा आहे त्यावर तो मोठ्या लाइनचा की छोट्या लाइनचा ते ठरतं. भाचेबुवांनी नुसतं ९ निवडलं तेव्हा प्रोग्रामनं त्याला एनची इंजिनं दाखवली. मिरजेच्या फलाटावरच्या माणसापुढं अगदीच बुटकी!

मग आम्ही तीन जोड्या बांधल्या. ‘मिरज मोठी’: प्रमाण ८७, गेज १९.२५. ‘मिरज मधली’: प्रमाण ८७, गेज १२. ‘मिरज छोटी’: प्रमाण ८७, गेज ९. मधलीला साडेअकरा आणि छोटीला पावणेनऊ का नाही भरलं? कारण १२ चे आणि ९ चे रूळ विकत मिळतात, आणि जे विकत आणणार तेच आराखड्यात हवं. अर्धा-पाव मिलिमीटरचं अण्णांनी चालवून घेतलं. मोठीचं मात्र नाही. “तिथं वीतभर कमी पडतंय. ते दिसणार.”

पहिल्यांदा आकडा भरला तेव्हा काय झालं सांगू? ‘मिरज मोठी’चा एक तुकडा फळीवर टाकला आणि जवळजवळ अर्धी फळी एकाच रुळानं खाल्ली. प्रोग्राम इंचांवर लावलेला होता, आणि मी त्यात १९.२५ लिहिलं होतं. सव्वाएकोणीस इंच! चूक माझीच, पण त्या दिवसापासून घरात माझं नाव ‘इंचमामा’ पडलं आहे. तेव्हा तुम्ही आधी एकक तपासा, मग आकडे भरा.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. सरळ आणि वाकवता येणारा रूळ नव्या गेजला आपोआप जुळतो. सांध्यांचं तसं नाही. यादीतला सांधा म्हणजे एखाद्या कंपनीनं बनवलेल्या खऱ्या वस्तूचं चित्र. तो १६.५ चा असेल तर १६.५ चाच राहतो; त्याला ताणून १९.२५ करता येत नाही. केला तरी तसा सांधा दुकानात कुठं आहे? ‘मिरज मोठी’चा सांधा हवा तर तो स्वतः आखायचा आणि स्वतः बनवायचा. भाचेबुवांच्या पहिल्या आराखड्यात मोठ्या लाइनवर नऊ सांधे होते. अण्णांनी विचारलं, “यातले किती बनवशील?” बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, “दोन.” शेवटी ठरला एक.

आणि मग वळणं.

आपल्या रेल्वेत ब्रॉडगेजचं सगळ्यांत जोरकस वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. त्याला ८७ नं भागलं की दोन मीटर. त्रिज्या दोन मीटर म्हणजे गाडीला उलटं फिरवायला चार मीटर रुंद जागा. आमची फळी चार फुटांची आणि खोली दहा फुटांची! मीटरगेजचं सोळा अंशांचं, त्याचंही सव्वा मीटर झालं. तेही गेलं. भाचेबुवांचा चेहरा पडला. सगळी मापं खरी करत बसलं तर गाडी धावणारच नाही, मग कशाला हा खटाटोप? त्या संध्याकाळी त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि खेळायला निघून गेला.

त्या रविवारी मी त्याला घेऊन लकडी पुलावरून चालत कर्वे रस्त्यानं कोथरूडला गेलो. तिथं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या हौशीतून ते उभं केलं, आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. एका मोठ्या मंचावर अख्खं गाव, सिग्नल, पूल, रोप-वे आणि त्यातून ये-जा करणाऱ्या गाड्या. तुम्ही गेला नसाल तर पुण्यात आल्यावर नक्की जा. मला वाटलं होतं की भाचेबुवा गाड्या बघतील. तो बघत होता वळणं. घरी येताना डेक्कनपर्यंत एक शब्द नाही, आणि मग एकदम, “मामा, नॅरोगेजचं वळण किती अंशांचं असतं?”

चाळीस अंशांपर्यंत. त्रिज्या साधारण ४४ मीटर. त्याला ८७ नं भागा: अर्धा मीटर! आणि चार फुटांच्या फळीची निम्मी रुंदी होते ६१ सेंटिमीटर. छोटी गाडी खऱ्या मापानं, काही न चोरता, आमच्या फळीवर वळत होती. लहान गेज लोकांनी का निवडलं असेल तेही त्या दिवशी समजलं. नुसते रूळ स्वस्त म्हणून नव्हे. ती लाइन कमी जागेत वळते, डोंगराला बगल देते, भराव-पूल कमी लागतात. माथेरानची गाडी आठवा. तिचे रूळ तर ६१० मिलिमीटरचेच.

घरी आल्यावर नवा आराखडा झाला. मोठी आणि मधली या दोन्ही लाइनी सरळ, फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पुणे या बाजूला, लोंढा त्या बाजूला, दोन्ही फळीच्या बाहेर आहेत असं समजायचं. त्यांच्यावर गाड्या नुसत्या उभ्या. (विकतच्या इंजिनाची चाकं १९.२५ ला रुंद करणं हे काम अजून आमच्या आवाक्यातलं नाही.) आणि छोटी गाडी फलाटावरून सुटून, पूर्ण वळसा घेऊन पंढरपूरला जाऊन येते. अण्णा म्हणाले, “ही धावली की झालं. मोठ्या गाड्या काय, आम्ही यायचो तेव्हाही उशिरानंच यायच्या.”

पुढचं सगळं हाताचं काम. आराखडा खऱ्या मापात कागदांवर छापून फळीला चिकटवला. त्यातही एक गंमत झाली. एका झेरॉक्सच्या दुकानात छापताना ‘पानात बसवा’ अशी खूण राहून गेली आणि सगळं चित्र जरासं आक्रसलं. म्हणून आता कोपऱ्यात शंभर मिलिमीटरची एक रेघ काढतो आणि छापून आल्यावर आधी तीच पट्टीनं मोजतो. तांब्याचा थर असलेल्या पट्ट्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणल्या. त्या झाल्या स्लीपर. त्यांवर रूळ डाख देऊन बसवायचे. अंतर चुकू नये म्हणून पितळेच्या तुकड्याला कानशीनं दोन खाचा पाडल्या, व्हर्नियरनं मोजून सव्वाएकोणीस. तो तुकडा अण्णांच्या खिशात असतो. प्रत्येक डाखानंतर ते तो रुळांवर ठेवून बघतात, आणि बसला नाही तर काही न बोलता डाखणीकडे बोट दाखवतात. पहिल्या फुटाला चार दिवस लागले.

खोलीच्या दारावर भाचेबुवांनी पाटी लावली आहे: ‘रुळांना हात लावू नये. लावायचाच असल्यास धुऊन लावावा. दुपारी एक ते चार वाहतूक बंद.’

परवा गेलो तेव्हा साडेतीन वाजले होते. दार लोटलेलं. आत छोटी गाडी पंढरपूरच्या वळणाला लागली होती, आणि अण्णा गुडघ्यांवर हात टेकून, डोळे अगदी रुळांच्या पातळीला आणून बसले होते.

“अण्णा, एक ते चार बंद ना?”

“ही स्पेशल आहे,” ते म्हणाले. “आषाढीची. हळू बोल, सिग्नल पडलाय.”